वादळापूर्वीचे छप्पर : खर्च केव्हा आणि कोणी करावा?

(व्याख्यानाचा मजकूर)

ओडिशाच्या किनाऱ्यावर २९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीपजवळ महाचक्रीवादळ धडकले, तेव्हा सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्याच राज्यात ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ ‘फनी’ हे वादळ ताशी १७५ ते १८५ किलोमीटर वेगाने जमिनीवर आले. त्यापूर्वी बारा लाखांहून अधिक लोकांना सुरक्षित स्थळी हलविण्यात आले होते. मृतांची संख्या ६४ होती. दोन्ही वादळांची तीव्रता आणि समुद्राच्या लाटेची उंची सारखी नव्हती हे मान्य करूनही वीस वर्षांतील हा फरक फार मोठा आहे. भारतीय हवामान विभागाचे सुधारलेले अंदाज, किनाऱ्यावर उभी राहिलेली निवारागृहे आणि गावपातळीपर्यंत पोहोचलेली प्रशासकीय शिस्त यांचे ते फलित आहे.

परंतु याच फनीने ओडिशात पाच लाखांहून अधिक घरांचे नुकसान केले. माणसे निवारागृहांतून सुखरूप परतली, ती उघड्या भिंतींकडे. जीव वाचविण्याची व्यवस्था देशाने उभी केली. त्या जिवाचे घर वाचविण्याची व्यवस्था मात्र तितकी उभी राहिली नाही. घर म्हणजे येथे मुख्यतः छप्पर. वाऱ्याने भिंत पडण्यापूर्वी बहुधा छप्पर जाते, आणि छप्पर गेले की आतील धान्य, अंथरूण-पांघरूण, शिधापत्रिका, मुलांचे शाळेचे दाखले, मच्छीमाराची जाळी, विणकराचा माग हे सारे एका पावसात निकामी होते. गरीब कुटुंबाची बहुतेक संपत्ती छपराखाली असते, बँकेत नसते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने छप्पर हा त्या कुटुंबाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी संरक्षित असा भांडवली साठा आहे.

दोन ऋतू, दोन किनारे

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर ‘हरिकेन’चा ऋतू १ जून ते ३० नोव्हेंबर असा सलग मानला जातो. भारतात तसे नाही. बंगालचा उपसागर व अरबी समुद्र येथे चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात : मान्सूनपूर्व, म्हणजे साधारण एप्रिल ते जूनचा आरंभ, आणि मान्सूनोत्तर, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ऐन मान्सूनमध्ये वाऱ्यांची रचनाच अशी असते की तीव्र चक्रीवादळ सहसा आकार घेत नाही. बंगालच्या उपसागरात अरबी समुद्राच्या सुमारे चौपट वादळे निर्माण होतात, असे दीर्घकालीन नोंदी सांगतात. म्हणूनच पूर्व किनाऱ्याला वादळाची सवय आहे, पश्चिम किनाऱ्याला ती नव्हती.

‘नव्हती’ असे म्हणण्याचे कारण ३ जून २०२० हा दिवस. ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. ओडिशाच्या मानाने हा मध्यमच म्हणावा लागेल. तरीही रायगडपासून रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड-दापोलीपर्यंत घरोघरची कौले व पत्रे उडाले. मृग नक्षत्र चार-पाच दिवसांवर होते. टाळेबंदीमुळे बाजारपेठा आखडलेल्या, कारागीर गावी नाहीत आणि एकाच आठवड्यात हजारो घरांना एकाच वेळी कौले, पत्रे आणि सुतार हवे झाले. मागणी एकदम वाढली, पुरवठा जागच्या जागी राहिला. ताडपत्रीदेखील मिळेनाशी झाली. वर्षभराच्या आत, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळ याच किनाऱ्याला समांतर वर सरकले आणि १७ मे रोजी गुजरातमध्ये दीव-उना दरम्यान जमिनीवर आले.

छप्पर उडते म्हणजे काय होते?

वारा छपराला ढकलून पाडतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात तो बहुधा छप्पर वर उचलतो. उतरत्या छपरावरून वारा वेगाने वाहतो तेव्हा पृष्ठभागावरील दाब घटतो व वरच्या दिशेने ओढ निर्माण होते. याच वेळी एखादी खिडकी किंवा दार मोडले, तर घरात शिरलेला वारा खालून रेटा देतो. वरून ओढ आणि खालून रेटा अशा दुहेरी बळापुढे छपराचे स्वतःचे वजन पुरे पडत नाही.

हे बळ किती असते? वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी १२० किलोमीटर वेगाला, म्हणजे निसर्ग वादळाच्या पातळीला, हा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलो वजनाइतका भरतो. ताशी १८० किलोमीटरला तो सुमारे १५० किलोवर जातो. मंगळुरी कौलांचे वजन चौरस मीटरला चाळीस-पन्नास किलो असते. पन्हळी लोखंडी पत्र्याचे अवघे चार-पाच किलो. वजनाच्या भरवशावर पत्रा वादळात टिकत नाही, तो टिकतो केवळ ज्या खिळ्यांनी व बोल्टांनी धरला असेल त्यांच्या भरवशावर. शिवाय ही ओढ छपरावर सर्वत्र सारखी नसते. वळचणीच्या कडा, कोपरे आणि आढ्याची रेषा येथे ती सर्वाधिक असते. पहिला पत्रा सुटतो तो बहुधा कोपऱ्यातला. तो सुटला की वारा आत शिरतो व उरलेल्यांचे काम सोपे करतो.

भारतीय मानक ब्युरोच्या ‘आयएस ८७५’ या मानकाच्या तिसऱ्या भागात (मूळ १९८७, सुधारित २०१५) देशाचे वाऱ्याच्या मूलभूत वेगानुसार सहा विभाग केले आहेत. सेकंदाला ३३ मीटरपासून ५५ मीटरपर्यंत ते जातात. चेन्नई, विशाखापट्टणम, भुवनेश्वर व कोलकाता ५० मीटरच्या विभागात, तर मुंबई ४४ मीटरच्या विभागात आहे. ४४ मीटर म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. निसर्गचा वेग याच्या बराच खाली होता. याचा अर्थ असा की, कोकणात जी छपरे गेली ती असाधारण वाऱ्यामुळे गेली असे म्हणता येत नाही. मानकाने गृहीत धरलेल्यापेक्षा कमी वाऱ्यात ती गेली, कारण ती त्या मानकाच्या कक्षेत कधी आलीच नव्हती. ग्रामीण घर बांधणारा गवंडी आणि सुतार मानक वाचून घर बांधत नाही. वडिलांनी बांधले तसे बांधतो. त्याच्या परंपरेत पावसाचे ज्ञान विपुल आहे, वादळाचे मात्र थोडे.

बळकटीकरणाचे काम

कमी उंचीच्या घरांची चक्रीवादळरोधक क्षमता वाढविण्यासाठी ‘आयएस १५४९८’ हे स्वतंत्र मानक २००४ मध्ये निघाले. केंद्र शासनाच्या बांधकाम साहित्य व तंत्रज्ञान प्रोत्साहन परिषदेने (बीएमटीपीसी) देशाचा आपत्तिप्रवणता नकाशासंग्रह १९९७, २००६ व २०१९ असा तीनदा प्रसिद्ध केला आहे आणि वादळप्रवण भागातील घरांसाठी मार्गदर्शक सूचनाही दिल्या आहेत. या साऱ्यांचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : छपरापासून पायापर्यंत सलग साखळी असावी. पत्रा रिपेला, रीप वाशाला, वासा भिंतीवरच्या लाकडी पट्टीला, ती पट्टी भिंतीला आणि भिंत पायाला बांधलेली असावी. साखळीची एक कडी कच्ची असेल तर बाकीच्या कितीही मजबूत असल्या तरी त्यांचा उपयोग होत नाही.

जुन्या घरात ही साखळी पूर्ण करणे कठीण नाही. पत्र्याला साधे खिळे असतील तेथे रुंद वॉशर लावलेले हुक-बोल्ट घालावेत आणि कडा, कोपरे व आढे येथे त्यांच्यातील अंतर निम्मे करावे. वासे भिंतीवर नुसते टेकलेले असतात. त्यांना गंज न चढणाऱ्या लोखंडी पट्टीने किंवा जाड जस्तलेपित तारेने खाली बांधावे. छपराच्या पातळीत व उभ्या कैच्यांमध्ये तिरके आडवे ठोकावेत. कौलांच्या घरात काठाच्या व आढ्याच्या ओळी चुन्या-सिमेंटच्या मसाल्यात बसवाव्यात आणि मधल्या ओळी ठरावीक अंतराने तारेने रिपेला बांधाव्यात. पेंढ्याच्या छपरावर काथ्याच्या दोरांचे जाळे टाकून ते खाली ताणून बांधण्याची पद्धत किनाऱ्यावरील लोकांना ठाऊक आहे. वळचण अर्ध्या मीटरहून अधिक बाहेर काढू नये. पडवीचे छप्पर मुख्य छपराला जोडलेले नसावे, म्हणजे पडवी गेली तरी घर राहते. पत्रा उडू नये म्हणून त्यावर सुटे दगड ठेवण्याची रीत आपल्याकडे सर्वत्र आढळते. वादळात तेच दगड शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडतात. सिमेंटच्या पत्र्यावर तर दुरुस्तीसाठी चढणेही धोक्याचे, कारण तो तडकून माणूस खाली कोसळतो. नवीन घर असेल, तर २२ ते ३० अंशांचा चौपाखी उतार हा सपाट किंवा दुपाखी छपरापेक्षा वाऱ्याला अधिक समर्थपणे तोंड देतो.

या उपायांची मर्यादाही सांगितली पाहिजे. कोकणात निसर्ग वादळात अनेक छपरे वाऱ्याने नव्हे, तर आंबा, माड, पोफळी अंगावर पडून मोडली. तेथे बोल्ट व तारा कामाच्या नाहीत, वेळीच केलेली छाटणी कामाची. आणि फनीसारख्या वेगाला पेंढ्याचे छप्पर कितीही बांधले तरी टिकेल अशी हमी देता येत नाही. अशा घरातून माणसांनी बाहेर पडावे हेच उत्तम.

मग लोक हे का करीत नाहीत?

अज्ञान हे उत्तर सोपे आहे आणि ते अपुरे आहे. कोकणातील प्रत्येक कुटुंब मृगापूर्वी घर शाकारते. कौले उतरविणे, फुटलेली बदलणे, वासे-रिपा तपासणे यावर दरवर्षी पैसा व श्रम खर्च होतात. म्हणजे छपरावर आगाऊ खर्च करण्याची वृत्ती आहे. फरक एवढाच की पाऊस दरवर्षी येतो, वादळ येत नाही.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. त्यातील आकडे केवळ समजावण्यापुरते आहेत. समजा, छप्पर बांधून घेण्यास ८,००० रुपये लागतात. छप्पर उडविणारा वारा एखाद्या वर्षी येण्याची शक्यता पाच टक्के आहे आणि आला तर ६०,००० रुपयांचे नुकसान होते. म्हणजे वर्षाला सरासरी अपेक्षित नुकसान ३,००० रुपये. बांधणीमुळे ते निम्म्यावर आले, तर वार्षिक बचत १,५०० रुपये. आठ हजारांवर दीड हजार म्हणजे जवळजवळ १९ टक्के परतावा. एवढा परतावा देणारी गुंतवणूक देशात सहज सापडणार नाही.

आता हेच गणित त्या घरातून पाहिले पाहिजे. कुटुंबाकडे आठ हजार रुपये शिल्लक नाहीत. ते सावकाराकडून दरमहा शेकडा तीन दराने मिळतात, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. एकोणीस टक्क्यांसाठी छत्तीस टक्के मोजणे हा तोट्याचा व्यवहार आहे, आणि तो न करणारे कुटुंब अडाणी नसून हिशेबी आहे. शासनाला मात्र तेच पैसे सात टक्क्यांच्या आसपास उभे करता येतात. एकच काम, एकच खर्च, एकच लाभ. परंतु गरिबाच्या वटाव दराने ते परवडत नाही आणि शासनाच्या वटाव दराने ते न करणेच परवडत नाही. सार्वजनिक पैशाचे समर्थन येथे दयेवर नाही, दोन व्याजदरांतील या अंतरावर उभे आहे.

यात आणखी एक गोष्ट मिसळते. उडालेला पत्रा ज्याचा असतो त्याच्याच अंगावर पडतो असे नाही. स्वतःचे छप्पर बांधणारा शेजाऱ्याचेही रक्षण करतो, पण त्याचा मोबदला त्याला मिळत नाही. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात, व जेथे तो असतो तेथे व्यक्ती समाजाला हवे त्याहून कमी खर्च करते. भाडेकरू, गावठाणाबाहेर किंवा किनाऱ्यालगत मालकीहक्काविना राहणारे मच्छीमार, यांचा प्रश्न तर निराळाच. उद्या हटविले जाण्याची भीती असलेल्या घराच्या छपरावर कोण पैसे घालील?

पैसा येतो, पण नंतर

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांनुसार, सपाट प्रदेशात पूर्ण नष्ट झालेल्या घरासाठी १,२०,००० रुपये साहाय्य ठरविण्यात आले. किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० व कच्च्या घराला ४,००० रुपये. त्याआधीच्या, २०१५ ते २०२० च्या निकषांत हेच आकडे अनुक्रमे ९५,१००, ५,२०० व ३,२०० असे होते. निसर्गनंतर महाराष्ट्र शासनाने आपल्या तिजोरीतून भर घालून पूर्ण नष्ट घराचे साहाय्य दीड लाखांपर्यंत नेले. हे साहाय्य आवश्यक आहे याबद्दल वाद नाही. परंतु त्याची रचना पाहावी : छप्पर टिकले तर काही नाही, थोडे मोडले तर थोडे, सगळे गेले तर भरपूर. जे ४,००० रुपये छप्पर उडाल्यावर तुकड्यातुकड्यांनी ताडपत्री व दोरीवर संपतात, त्याच रकमेचे बोल्ट, पट्ट्या आणि सुताराची मजुरी वादळापूर्वी आली असती तर?

पंधराव्या वित्त आयोगाने हा विचार ओळखला होता. २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्य आपत्ती जोखीम व्यवस्थापन निधीची १,६०,१५३ कोटी रुपयांची तरतूद सुचविताना त्यातील २० टक्के, म्हणजे सुमारे ३२,००० कोटी रुपये, आयोगाने केवळ आपत्तीच्या सौम्यीकरणासाठी वेगळे काढले. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मध्ये सौम्यीकरण निधीची कल्पना होती. तिला राज्यपातळीवर ठोस आकडा मिळाला तो या शिफारशीमुळे. सौम्यीकरणाचा पैसा मात्र स्वभावतःच मोठ्या बांधकामांकडे वळतो. २०११ पासूनच्या राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम सौम्यीकरण प्रकल्पातून बहुउद्देशीय निवारागृहे, जोडरस्ते, खारबंधारे आणि भूमिगत वीजवाहिन्या झाल्या, आणि त्या हव्याच होत्या. निविदा काढता येते ती अशा कामाची. पाच हजार घरांत प्रत्येकी चाळीस बोल्ट बसविण्याची निविदा कशी काढावी हे कोणत्याही अभियंत्याला सुचत नाही, आणि मोजमाप पुस्तिकेत त्याची नोंद करणे तर त्याहून कठीण.

पक्के घर हा यावरचा कायमचा तोडगा आहे, असा आक्षेप येतो. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ पासून किमान २५ चौरस मीटरच्या घरासाठी सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये देते व लाखो कुटुंबांच्या डोक्यावर तिने काँक्रीटचे छत आणले आहे. वाऱ्याच्या दृष्टीने ते श्रेष्ठ होय. परंतु खाऱ्या हवेत निकृष्ट काँक्रीटमधील लोखंड गंजते, आणि ज्यांचे कच्चे किंवा अर्धपक्के घर यादीत अजून आलेले नाही त्यांच्यावरून तोपर्यंत अनेक हंगाम जाणार आहेत. या मधल्या वर्षांचे काय, हा प्रश्न उरतोच.

फ्लोरिडाचा धडा, जपून घ्यावा असा

२४ ऑगस्ट १९९२ रोजी ‘अँड्र्यू’ हरिकेनने दक्षिण फ्लोरिडा उद्ध्वस्त केला. तेथेही छपरेच गेली. तपासणीत आढळले की अनेक ठिकाणी छपराच्या फळ्या वाशांना नीट ठोकलेल्याच नव्हत्या. अकरा विमा कंपन्या बुडाल्या. त्यानंतर बांधकामाचे नियम कडक झाले व २००२ मध्ये राज्यभर एकच संहिता लागू झाली. २००४ च्या ‘चार्ली’ हरिकेननंतर तेथील विमा-संशोधन संस्थेने केलेल्या पाहणीत, १९९६ नंतर नव्या नियमांनी बांधलेल्या घरांचे दावे जुन्या घरांच्या तुलनेत ६० टक्क्यांनी कमी आले, आणि जे आले त्यांची रक्कमही ४२ टक्क्यांनी कमी होती, असे दिसले. फ्लोरिडात छप्पर बळकट करणाऱ्याला विम्याच्या हप्त्यात कायद्याने सवलत मिळते. अलाबामा राज्य तर जुन्या घरांच्या छपरांसाठी दहा हजार डॉलरपर्यंत अनुदान देते, तेही वादळापूर्वी.

विमा हे तेथील इंजिन आहे, भारतात ते नाही. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही सर्व सामान्य विमा कंपन्यांची समान पॉलिसी उपलब्ध आहे व तीत वादळाचा समावेश आहे. पण मच्छीमारवाडीतील पत्र्याच्या घरापर्यंत ती क्वचितच पोहोचते. त्यामुळे जे काम फ्लोरिडात हप्त्याची सवलत करते, ते येथे अनुदानालाच करावे लागेल. अनुदान दिले तर लोक स्वतःहून काही करणार नाहीत, हा नेहमीचा युक्तिवाद येथे उलटा लागू पडतो. नुकसान झाल्यावरच मिळणारे साहाय्य निष्क्रियतेला बक्षीस देते. आधी मिळणारे साहाय्य काम केल्याशिवाय मिळतच नाही.

हवामान विभागाचे इशारे चार टप्प्यांत येतात : सुमारे ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तासांपूर्वी सावधानतेचा इशारा, २४ तासांपूर्वी धोक्याचा इशारा आणि सुमारे १२ तास आधी जमिनीवर आल्यानंतरच्या परिस्थितीचा अंदाज. बहात्तर तासांत माणसे हलविता येतात. छप्पर बांधता येत नाही. सुतार एका गावात एक किंवा दोन असतात व एका घराला दोन दिवस लागतात. त्यामुळे कामाचे वेळापत्रक इशाऱ्यावर नव्हे, हंगामावर ठरवावे लागते. महाराष्ट्रात ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी भरतात. २६ जानेवारीच्या सभेत किनाऱ्यापासून आतपर्यंतच्या कच्च्या छपरांची यादी वाचली गेली, बोल्ट-पट्ट्यांची खरेदी तालुक्याने एकत्रित केली आणि गावच्या सुतारांना दोन दिवसांचे प्रात्यक्षिक दिले, तर हाती फेब्रुवारी ते एप्रिल असे तीन महिने राहतात. शाकारणीसाठी कौले एप्रिल-मे महिन्यात उतरतातच. तार बांधायची ती त्याच वेळी. १ मे च्या सभेत मग एवढेच विचारायचे उरते की यादीतील किती घरे झाली आणि किती राहिली.